फीडर असा करा की तो खरोखर धुतला जाईल

तुमच्या प्रश्नात तीन-चार गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी मांडून घेतो. नाशिकच्या इंदिरानगरला तळमजल्यावरचं घर, मागे छोटी बाग, त्यात एक कडुलिंब आणि एक पेरू. पक्ष्यांना दाणे घालायला ऑनलाइन मागवलेला लटकता प्लॅस्टिकचा फीडर पहिल्याच पावसाळ्यात तळाशी काळा पडला, आत बाजरीला कोंब फुटले, पारव्यांची गर्दी वाढली आणि शेजाऱ्यांची कुरबुर सुरू झाली. त्यातच एक चिमणी दोन दिवस पिसं फुगवून फीडरखाली बसून राहिली आणि मेली. आता नवा फीडर करून घ्यायचा तर लाकडाचा, स्टीलचा की पीव्हीसी पाइपचा, आणि तो किती दिवसांनी धुवायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी अंबड एमआयडीसीत पत्र्याची कामं करतो आणि त्याबरोबर बरीच वर्षं पक्ष्यांचे फीडर बनवतो. घरांसाठी, शाळांसाठी, सोसायट्यांसाठी. नवा फीडर बनवताना जे कळत नाही ते जुना दुरुस्तीला आला की कळतं. आत काय साठलंय, कुठे गंज धरलाय, कुठला भाग एकदाही उघडला गेलेला नाही, सगळं टेबलावर दिसतं. त्यावरून माझं मत असं झालं आहे की लाकूड की स्टील हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न, हा फीडर काढून, सुटा करून, घासून परत लावायला किती वेळ लागतो. पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर शोधावा लागत असेल तर सुरुवातीला उत्साहाने धुणं होतं, नंतर फक्त वरून दाणे ओतले जातात. खालचे जुने दाणे खालीच राहतात आणि ओल धरतात. तुमच्या बाजरीला कोंब आले ते यामुळेच.

नव्या फीडरकडे वळण्याआधी एक तातडीचं काम. जुना फीडर आजच उतरवा आणि निदान दोन आठवडे काहीही घालू नका. पाण्याचं भांडंही उचला. खाली पडलेले दाणे आणि शिट हातमोजे घालून गोळा करा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कोरडं झाडू नका, आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. उपाशी मरतील ही भीती मनातून काढा. चिमण्या, मुनिया, बुलबुल तुमच्या फीडरवर जगत नाहीत, तो त्यांच्या दिवसभराच्या फेरीतला एक थांबा असतो. आजारी पक्षी असताना फीडर चालू ठेवला तर मात्र तो आजार प्रत्येक थव्याला वाटला जातो.

पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसणं बऱ्याच आजारांत सारखंच दिसतं, त्यामुळे ती चिमणी कशाने गेली हे लक्षणावरून ठरवता येत नाही. पण फीडरवरून कोणते आजार पसरतात आणि कसे, हे माहीत असेल तर रचना कशी असावी ते आपोआप समजतं. साल्मोनेला हा जिवाणू शिटेतून पसरतो. शिट दाण्यात पडली आणि दुसऱ्या पक्ष्याने तो दाणा खाल्ला की झालं. तो माणसालाही बाधतो, म्हणून फीडर स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही धुऊ नये. दुसरा ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्मजीव. हा घशात राहतो. पारवे आणि होले हे त्याचे नेहमीचे वाहक. आजारी पक्ष्याला गिळता येत नाही, तो दाणा तोंडात घेऊन परत टाकतो आणि लाळ लागलेला तो ओला दाणा दुसरा पक्षी उचलतो. ब्रिटनमध्ये २००५ नंतर याच आजाराने ग्रीनफिंच नावाचा बागेतला अगदी साधा पक्षी इतका घटला की २०२१ मध्ये तो तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. तिथल्या आरएसपीबी या मोठ्या पक्षी संस्थेने २०२५ मध्ये सपाट फळीच्या फीडरची विक्री थांबवली, कारण सपाट जागेवर दाणे, शिट आणि लाळ एकत्र येतात. अमेरिकेत १९९४ पासून हाउस फिंच या पक्ष्यात डोळे सुजण्याचा आजार पसरला. तिथे नळीच्या फीडरच्या भोकांच्या कडांना पक्ष्यांचे डोळे घासतात आणि जंतू तिथे चिकटतात, असं दिसून आलं. हे पक्षी आपल्याकडचे नाहीत, पण शिट, लाळ आणि घासल्या जाणाऱ्या कडा आपल्या फीडरवरही त्याच असतात.

ट्रायकोमोनास कोरडेपणात फार टिकत नाही, ओल्या दाण्यात आणि पाण्यात टिकतो. बुरशीचंही तेच, ओल मिळाली की ती दाण्यावर चढते. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते धुऊन जात नाही, म्हणून काळपट किंवा खवट शेंगदाणे पक्ष्यांना घालू नयेत. थोडक्यात फीडरकडून दोन अपेक्षा. पक्ष्याची शेपटी दाण्यावर येऊ नये आणि ओल कुठेही मुक्कामाला राहू नये.

आता रचना. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पत्रा कापून, वाकवून, कोपऱ्यात स्पॉट वेल्डिंग करून चौकोनी ट्रे मागतात. मी तो सहसा बनवून देत नाही. दोन पत्रे एकावर एक ठेवून ठिपक्याठिपक्याने जोडले की मध्ये केसाइतकी फट राहते. त्या फटीत पाणी ओढलं जातं, बाजरीचं पीठ जातं आणि मग तिथे ब्रशही पोचत नाही, ऊनही नाही. स्टील चांगलं असलं तरी गंज प्रथम याच फटीत धरतो. रिबिट मारलं तरी तेच. फट बुजवायला सिलिकॉन लावलं तर वर्षभरात त्याच्यावरच काळे ठिपके येतात. चौकोनी कोपरा तर बोटाने पुसताच येत नाही.

त्यापेक्षा भांडी बाजारात जा. स्टीलची ताटली ही एकाच पत्र्यातून साच्यावर दाबून काढलेली असते. तिला जोड नाही, आतला कोपरा गोल असतो, कड वळवलेली असते म्हणून पक्ष्याचा पाय कापत नाही, आणि ती घासायची कशी हे घरात कोणालाही शिकवावं लागत नाही. साधारण १६ सेंमी व्यासाची, दोन-अडीच सेंमी खोल अशी ताटली घ्या. एक नको, दोन सारख्या घ्या. एक फीडरवर, दुसरी धुऊन उन्हात. या दुसऱ्या ताटलीमुळे जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महाग फीडरने पडत नाही, कारण धुतलेलं भांडं वाळायला वेळ मिळतो आणि घाईत ओलंच परत लावलं जात नाही.

ताटली फीडरला कायमची जोडायची नाही. सपाट पट्टीचं एक गोल कडं करून घ्यायचं, ताटलीच्या वळवलेल्या काठापेक्षा किंचित लहान. ताटली त्यात नुसती बसते, काठावर टेकते. हाताने उचलली की निघते. कडं छपराला तीन उभ्या सळयांनी लटकवायचं, ६ मिमीच्या सळया पुरतात. मधोमध एकच दांडा देऊ नका, त्यासाठी ताटलीला भोक पाडावं लागतं आणि मग नट, वॉशर, पुन्हा तीच घाण.

ताटलीच्या मध्यात पक्षी उतरून बसले तर दाण्यातच शिटणार. यावर उपाय म्हणजे मधली जागाच काढून घेणं. स्टीलचं एक नरसाळं, १० सेंमी तोंडाचं, ताटलीत उपडं ठेवा. त्याची नळी वर येते, तिच्यातून छपराला टांगलेली तार घ्या म्हणजे ते सरकत नाही. आता दाण्याला काठालगत तीन सेंमीची गोल चारी उरते. नरसाळ्याचा उतार निसरडा असल्याने त्यावर बसता येत नाही. चिमणीला काठाबाहेर बसून चोच आत घालूनच खावं लागतं. तिच्यासाठी ताटलीच्या काठापासून ४-५ सेंमी बाहेर, किंचित खाली, ८ मिमीच्या सळईची दुसरी गोल कडी द्या. तोंड आत, शेपटी बाहेर. शिट सरळ जमिनीवर पडते.

छपरासाठी मी बऱ्याचदा मोठी परात उपडी वापरतो. इथे माप महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. छप्पर ताटलीपासून जितकं उंच, निदान तितकं ते ताटलीच्या काठाबाहेर सगळीकडे आलं पाहिजे, म्हणजे ४५ अंशांत येणारा पाऊसही दाण्यावर पडत नाही. ताटली १६ सेंमी आणि उंची १५ सेंमी धरली तर छप्पर ४६ सेंमीचं लागतं. विकत मिळणाऱ्या बहुतेक फीडरचं छप्पर याच्या निम्मंही नसतं, पावसात ते नावापुरतंच. परातीच्या गोल पाठीवर पक्षी बसला तरी शिट घरंगळून ताटलीच्या बरीच बाहेर पडते.

ताटलीला भोकं पाडावीत का, हे बरेच जण विचारतात. पुरेसं छप्पर असेल तर मी पाडत नाही. २ मिमीच्या भोकात पाणी अडकून राहतं, मोठं करावं तर बाजरी गळते. शिवाय प्रत्येक भोकाच्या कडेला पीठ आणि तूस चिकटतं, आणि ते टोकदार काडीने काढत बसायला कोणाकडे वेळ नसतो. छप्पर घालणं शक्यच नसेल, उदाहरणार्थ बाल्कनीच्या कठड्याला आडवं अडकवायचं असेल, तर तांदूळ धुवायची भोकांची रोळी वापरा आणि त्यात एका वेळी मूठभरच घाला. विणलेल्या जाळीची चाळण मात्र नको. तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथला मळ निघत नाही.

सामानाबद्दल आता थोडक्यात. स्टील ३०४ ग्रेडचं मिळालं तर उत्तम. २०२ स्वस्त असतं, पण ब्लीचच्या पाण्याने त्यावर लवकर डाग येतात. दुकानदार चुंबक लावून दाखवतात त्यावर विसंबू नका, दोन्ही ग्रेडना चुंबक जवळपास चिकटतच नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. लाकूड ओल पितं, त्याच्या रेषांत शेवाळ बसतं, प्लाय आणि एमडीएफ तर पहिल्या पावसात फुगतात. लाकडाचा देखणा फीडर हवाच असेल तर सांगाडा सागाचा करा, पण दाणे स्टीलच्या सुट्या ताटलीतच. आतून रंग किंवा व्हार्निश काही लावू नका, त्याचे पापुद्रे पक्षी खातात. साधं प्लॅस्टिक आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ठिसूळ होतं, त्याला बारीक तडे जातात आणि तड्यांत बुरशी राहते. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो. पोपट धातू कुरतडतात आणि जस्त त्यांना विषारी असतं, म्हणून पोपट येत असतील तिथे जीआय टाळाच.

पीव्हीसी पाइपचे फीडर घरोघरी होतात, त्यामागची हौस मला समजते. पण खालचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, हीच त्याची दुखरी जागा आहे. वळणावर दाणा अडतो, ओला होतो, घट्ट बसतो, आणि वरून पाहिलं तर पाइप भरलेला दिसतो. पाइपच वापरायचा असेल तर एल्बो न लावता सरळ ठेवा, लांबी एक फुटापेक्षा जास्त नको, आणि दोन्ही टोकांना आट्यांची झाकणं लावा, म्हणजे बाटली धुवायचा ब्रश एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढता येईल. आरपार प्रकाश दिसला तरच तो साफ झाला समजा.

टांगण्यासाठी सुतळी नको, ती ओल धरते आणि तिच्या सुट्या धाग्यात पाय अडकतात. संक्रांतीनंतर घरात उरलेला नायलॉन मांजा तर कशालाही बांधू नका. दर जानेवारीत नाशिकमध्ये त्याने पक्षी आणि माणसं दोघंही कापली जातात. स्टीलची तार आणि वर एस हूक, एवढं पुरतं. हुकामुळे फीडर एका हाताने उतरवता येतो.

आता पारवे. पारव्यांना हाकलत बसण्याने काही होत नाही, आत शिरायला जागाच ठेवायची नाही. कड्याभोवती दोन इंची चौकोनाच्या वेल्ड मेशचा, म्हणजे वेल्डिंग केलेल्या तारांच्या जाळीचा, गोल पिंजरा बसवा. चिमण्या आणि मुनिया त्यातून आत जातात, पारवा जात नाही. पण पिंजरा ताटलीच्या अगदी लगत असेल तर पारवा बाहेर बसून मान आत घालतो. म्हणून जाळी काठापासून निदान १२ सेंमी लांब हवी. म्हणजे पिंजरा ४० सेंमी व्यासाचा झाला, तो ४६ सेंमीच्या परातीखाली बरोबर बसतो. पिंजरा छपराला तीन हुकांवर अडकवा, खालून उघडा ठेवा. हूक काढले की तो खाली सरकून निघतो आणि ताटली हातात येते. जाळीही महिन्यातून एकदा घासावी लागते, तेव्हा हे उपयोगी पडतं. साळुंक्या, सातभाई आणि होले यांनाही हा फीडर बहुधा बंद होतो, हे आधीच मान्य करून चला. सगळ्यांना एकाच ठिकाणी जेवू घालायचा अट्टहास धरला की गर्दी होते आणि गर्दीतूनच आजार पसरतो.

शेजाऱ्यांची तक्रार हलक्यात घेऊ नका. पारव्यांच्या वाळलेल्या शिटेची धूळ सतत श्वासात गेली तर काही जणांना फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा विषय २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गेला त्यामागे हेच कारण होतं. ज्वारी, गहू, मका हे पारव्यांचं आवडतं खाणं आहे, ते बंद करा. राळा आणि बारीक बाजरी घाला, थोडी तांदळाची कणी चालेल. शेव, फरसाण, पाव, उरलेला भात नको. मीठ आणि तेल पक्ष्यांना सोसत नाही आणि शिजवलेला भात उन्हात काही तासांत आंबतो.

दाण्याबाबत एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात मुद्दाम सांगावी लागते. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं कधीही घालू नका. त्याला बुरशीनाशक आणि कधी कीटकनाशक चोळलेलं असतं, म्हणून ते गुलाबी, लाल किंवा निळसर दिसतं. शेतावर उरलेली पिशवी पक्ष्यांना घालू या, असं म्हणणारे चांगल्या मनाचे लोक मला नेहमी भेटतात. त्यातले दाणे धुऊनही उपयोग नाही. खाण्यासाठी विकली जाणारी धान्यंच घ्या आणि ती घरच्या डब्यात असतात तितकीच कोरडी ठेवा.

किती घालायचे, याचं उत्तर ग्रॅममध्ये देता येत नाही. ते तुमच्याकडे किती पक्षी येतात यावर आहे. मी सांगतो ती पद्धत अशी: सकाळी थोडे दाणे घाला आणि दुपारी बघा. उरले असतील तर दुसऱ्या दिवशी कमी. दुपारपर्यंत ताटली रिकामी झाली तर प्रमाण बरोबर आहे. संध्याकाळी ताटली उतरवून घ्या, म्हणजे रात्री उंदीर आणि घुशी येत नाहीत. चार दिवसांचे दाणे मावणारा फीडर सोयीचा वाटतो, पण चार दिवसांचे दाणे म्हणजे चार दिवसांची शिट, लाळ आणि दमट हवाही त्यातच आली. म्हणून मी मोठ्या टाकीचे फीडर बनवतच नाही. कोणी गावाला जाणार असेल तर त्याला सांगतो, ताटली धुऊन कपाटात ठेवा आणि निर्धास्त जा.

पावसाळ्याचं माझं मत स्पष्ट आहे. जून ते सप्टेंबर दाणे बंद. त्या दिवसांत गवताला बी येतं, किडे-अळ्या भरपूर असतात आणि चिमण्यांची पिल्लं तर अळ्यांवरच वाढतात. हवेत इतकी ओल असते की उत्तम छपराखालचा दाणाही मऊ पडतो. दिवाळीनंतर परत सुरू करा. मार्च-एप्रिलमधल्या अवकाळी पावसाची सर आली की ताटलीतले सगळे दाणे टाकून द्या, वाळवून परत वापरू नका.

धुण्याची पद्धत सोपी आहे, पण क्रम पाळा. रोज संध्याकाळी ताटली आणि नरसाळं साबणाने घासून उपडं ठेवायचं, सकाळी ऊन दाखवायचं. आठवड्यातून एकदा निर्जंतुक करायचं. आधी साबण आणि गरम पाण्याने सगळा मळ काढायचा, कारण मळ असेल तर ब्लीचची ताकद मळावरच खर्च होते. मग घरगुती ब्लीच, म्हणजे साधारण ४-५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात १० मिनिटं बुडवून ठेवायचं. जास्त वेळ नको, स्टीलला बारीक खड्डे पडतात. नंतर वास जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. हे पाणी दर वेळी ताजं करा, उन्हाने आणि उष्णतेने त्याचा प्रभाव जातो. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. फीडरची घासणी वेगळी, बादली वेगळी, हातमोजे वेगळे, आणि धुण्याची जागा बागेतला नळ. कडी, सळया आणि जाळी जागेवरच त्याच पाण्याने पुसून घ्या.

आठवड्यातून एकदा हे किमान झालं. दमट हवा असेल, थवा मोठा असेल किंवा होले-पारवे पोचत असतील तर आठवड्यातून दोनदा. आजारी पक्षी दिसला तर वेळापत्रक विसरा आणि परत दोन आठवडे बंद. पाच-सहा पक्षी एकदम मेलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाच्या जवळच्या दवाखान्यात कळवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला होता आणि नाशिक जिल्ह्यातही कोंबडीपालन मोठं आहे. घरी कोंबड्या असतील किंवा कोणी पोल्ट्रीत कामाला जात असेल तर फीडर न लावलेलाच बरा.

फीडरची जागा दर दोन-तीन आठवड्यांनी बदला. तुमच्याकडे कडुलिंब आणि पेरू दोन्ही आहेत, आलटून पालटून टांगा. खालच्या जमिनीला तेवढी विश्रांती मिळते, शिट आणि तूस एका जागी साठत नाही. सांडलेले दाणे पकडायला खाली दुसरा ट्रे लावू नका, तोच मग सपाट फळीचं काम करतो. खाली मोकळी फरशी असेल तर उत्तम, धुता येते. झुडूप असेल तर त्यात मांजर दबा धरून बसणार नाही इतक्या अंतरावर टांगा.

पाण्याचं भांडं फीडरच्या खाली किंवा शेजारी नको, पाच-सात पावलं लांब ठेवा, नाहीतर दाणे आणि शिट त्यातच पडतात. उन्हाळ्यात स्टील तापतं, म्हणून पाण्याला मातीचं परळ चांगलं, पण त्याच्या छिद्रांत शेवाळ बसतं. इथेही दोन परळं ठेवा, एक वापरात, एक उन्हात. पाणी तीन-चार सेंमीपेक्षा खोल नको, लहान पक्षी बुडतात. रोज नुसतं पाणी बदलून भागत नाही, काठ आतून घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि पाणी ओतलं तरी तिथेच राहतात.

बुलबुल, तांबट, कोकीळ यांच्यासाठी फळं द्यायची असतील तर स्टीलचा एक खिळा पुरे. पपई, केळं किंवा चिकूची फोड सकाळी लावा, दुपारी काढा. द्राक्षं नीट धुऊनच, बागांवर फवारणी भरपूर असते. शिंजिरासाठी साखरपाण्याची बाटली मी सुचवत नाही, आपल्या उन्हात ते एका दिवसात आंबतं. जास्वंद किंवा हमेलिया लावा, त्यांच्या फुलांतला रस रोज ताजा असतो आणि धुवायचं काही नसतं.

चिमण्यांसाठी घरटी आणि फीडर लावण्याची चळवळ आपल्याच नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी देशभर नेली, २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा होतो. त्यामुळे दर मार्चमध्ये शाळा आणि मंडळं माझ्याकडे एकगठ्ठा फीडर मागतात. त्यांना मी सांगतो, संख्या निम्मी करा, पण प्रत्येक फीडरबरोबर दुसरी ताटली आणि एक ब्रश द्या, आणि तो रोज कोण धुणार त्याचं नाव घेऊनच फीडर हातात द्या. तुमच्या घरीही हे आधी ठरवा. रोज पाच मिनिटं देणारं कोणी नसेल तर फीडर न लावता फक्त पाणी ठेवा, एक परळ घासायला तेवढा वेळ लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर ताटल्या, नरसाळं आणि परात भांडी बाजारातून तुम्हीच आणा, तिथे वजनावर मिळतात. कडं, बसायची कडी आणि सळया कोणताही फॅब्रिकेटर करून देईल. त्याला तीन गोष्टी बजावून सांगा. सगळ्या कापलेल्या कडांची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, फाइलने काढायची, वेल्डिंग पूर्ण भरून करून गुळगुळीत घासायचं, आणि कुठेही बिजागरी लावायची नाही. काम घेताना बोट प्रत्येक जोडावरून फिरवून बघा. बोट अडलं तर तिथेच परत घासून मागा. आणि ताटली आधी विकत घ्या, मग कडं करायला टाका, कारण एकाच नंबरच्या ताटल्यांतही काठाचा व्यास दोन-तीन मिमीने कमी-जास्त असतो आणि दोन्ही ताटल्या त्याच कड्यात बसायला हव्यात.